चौदा विहिरी आणि एक अर्ज : प्रकल्प नोंदी

६ ऑगस्ट २०२३, विटा

कामावर साइट डायरी ठेवायची सवय आहे. हेही तसंच लिहायचं ठरवलंय: काय केलं, किती पैसे गेले, कुठे अडलं. प्रकल्प : जर्मनीत भूजल विषयात एम.एस्सी., हिवाळी सत्र २०२४. हाताशी चौदा महिने.

कारण आधी लिहून ठेवते, म्हणजे मध्येच कंटाळा आला तर वाचता येईल. २०१९च्या ऑक्टोबरपासून मी दोन गावांतल्या चौदा विहिरींची पातळी मोजतेय. वरचं गाव माळावर, खालच्या गावाजवळून कृष्णेचं पाणी आणणाऱ्या टेंभू योजनेचा कालवा जातो. कालव्याला पाणी यायला लागल्यापासून खालच्या विहिरी चढल्या. गेल्या महिन्यात ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला, तर सात नंबरच्या विहिरीचे मालक नाना उठून म्हणाले, "ताई, हे वाढल्यालं पाणी कुणाचं? आमच्या पावसाचं का किस्नंचं?" प्रश्न साधा नाही. पाणी कालव्याचं असेल, तर त्याच्या भरवशावर लावलेली द्राक्षबाग कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, चुकलं की जाणार. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि बी.ई. सिव्हिलच्या चार वर्षांत ते कुणी शिकवलंही नव्हतं.

२० ऑगस्ट

पंधरा दिवस रात्री अभ्यासक्रम चाळले. इंग्रजीतून शिकवणारे आणि भूजलाला खरोखर जागा देणारे तीन धरले: ड्रेस्डेनचा हायड्रो सायन्स अँड इंजिनिअरिंग, स्टुटगार्टचा वॉटर रिसोर्सेस इंजिनिअरिंग अँड मॅनेजमेंट, आणि फ्रायबेर्गचा ग्राउंडवॉटर मॅनेजमेंट.

'जर्मनीत शिक्षण फुकट' हे वाक्य सगळे म्हणतात, पण ते राज्यागणिक बदलतं. स्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आहे तिथे २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ २०२४च्या हिवाळी सत्रापासून बाहेरच्यांकडून शुल्क घेणार आहे, पदव्युत्तरला ४,००० ते ६,००० युरो सत्राला. ड्रेस्डेनला फक्त सत्राची वर्गणी. म्हणून विद्यापीठाच्या नावाआधी ते कुठल्या राज्यात आहे ते बघायचं.

फ्रायबेर्ग आणि फ्रायबुर्ग ही दोन वेगळी गावं आहेत. मी स्वतः दोन दिवस चुकीच्या गावाची घरभाडी बघत होते. फ्रायबुर्ग नैर्ऋत्येला, फ्रायबेर्ग पूर्वेला सॅक्सनीत. तिथे ११६८ मध्ये चांदी सापडली, आणि १७६५ मध्ये खाणकामाची अकादमी निघाली, तेच आजचं विद्यापीठ. आण्णांना, माझ्या वडिलांना, फोनवर सांगितलं. ते तीस वर्षं कोईमतूरला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचं, काम करतात. इतका वेळ नुसतं हं हं करत होते, चांदीचं नाव निघाल्यावर म्हणाले, "मग गाव चांगलं असणार. जिथं मूस तापती तिथं माणसं कामाची असत्यात."

९ सप्टेंबर, पुणे

आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा झाली. फी सोळा हजारांवर. लिखाणाच्या दुसऱ्या निबंधाला वेळ कमी पडला, बाकी ठीक. निकाल दोन वर्षं चालतो.

२६ सप्टेंबर

आजची नोंद मोठी आहे, कारण ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

जर्मनीत आपले टक्के जसेच्या तसे बघत नाहीत. एका सूत्राने ते १ ते ४ च्या श्रेणीत बदलतात, १ सर्वांत चांगली, ४ म्हणजे जेमतेम पास. जास्तीत जास्त गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला जास्तीत जास्त आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं, एक मिळवायचा. माझे ६८.४ टक्के. किमान उत्तीर्ण ४० धरलं तर ३१.६ भागिले ६०, गुणिले ३, अधिक १: २.५८. किमान उत्तीर्ण ५० धरलं तर तेच गुण २.९ होतात. गुण माझे, मेहनत तीच, पण ट्रान्सक्रिप्टवर किमान उत्तीर्ण गुणांची एक ओळ आहे की नाही यावर अर्ज वर जातो किंवा खाली. आणि माझ्या ट्रान्सक्रिप्टवर ती ओळच नव्हती.

कॉलेजच्या परीक्षा विभागात गेले. खिडकीवर सांगितलं, "असं कुणी मागत नाही, छापील नमुना आहे तसाच मिळतो." दोन चकरा झाल्या. तिसऱ्यांदा गेले तेव्हा आतल्या टेबलावरचे निवृत्तीला आलेले बाबू स्वतः बाहेर आले. मी सूत्र कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे ही ओळ नसल्यामुळे गेल्या वर्षीच्या पोरांचं नुकसान झालं असणार." मग नियमावली काढली, परिच्छेद शोधला, वेगळ्या पत्रावर टाइप केलं, प्राचार्यांच्या सहीला पाठवलं. जाताना म्हणाले, पुढच्या मुलांच्या ट्रान्सक्रिप्टवर ही ओळ यावी म्हणून टिपण टाकतो.

त्यांनीच जुन्या अभ्यासक्रमाची पुस्तिका ग्रंथालयाच्या माळ्यावरून काढून दिली. प्रत्येक विषयात काय शिकलो, किती तास, हे विद्यापीठं मागतात. तिकडे एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, त्यात घरचा अभ्यासही धरतात. आपल्याकडे फक्त वर्गातले तास लिहिलेले. सगळं कोष्टकात बसवायला दोन रविवार गेले. द्रवगतिकी, जलविज्ञान, भूतंत्र, गणिताचे चार पेपर सहज बसले. भूगर्भशास्त्र एकच, आणि तेही अर्ध्या पेपरचं. ते झाकण्यात अर्थ नाही.

११ ऑक्टोबर

नावाचा घोळ. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझं, मग आण्णांचं. पदवीवर माझं आधी. पासपोर्टात आण्णांचं नाव माझ्या नावाच्या रकान्यात. शिवाय बारावीच्या गुणपत्रिकेत आडनावात एक अक्षर जास्त. क्रम वेगळा असला तरी समजून घेतात, अक्षर वेगळं असेल तर प्रतिज्ञापत्र लागतं. तहसीलसमोरच्या नोटरीकडून करून घेतलं. जे कुणी पुढे जाणार असतील त्यांनी हे काम सगळ्यांत आधी करावं, कारण बाकीचे सगळे कागद या नावावर टांगलेले असतात.

१ नोव्हेंबर

काल सरकारने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आमचा खानापूर-विटा त्यात आहे. ऑक्टोबरच्या मोजणीचे आकडे आधीच बोलत होते. तीन नंबरची, माळावरची विहीर, कठड्यापासून पाणी किती खाली: मे महिन्यात १२.१ मीटर, पावसाळा संपल्यावर ११.२. चार महिन्यांच्या पावसाने एक मीटरही चढली नाही. वरच्या गावात टँकरची यादी सुरू आहे. कालच्या दिवशी कुणाशी जर्मनीचं बोलावंसं वाटलं नाही.

तरी आज कागद पाठवले. नोव्हेंबर २०२२ पासून भारतातून जाणाऱ्यांना एपीएसचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे. दिल्लीतलं कार्यालय आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी आहेत का ते तपासतं. फी १८,००० रुपये. हे प्रमाणपत्र नसेल तर व्हिसा नाही आणि बहुतेक ठिकाणी प्रवेशही नाही, म्हणून याला उशीर परवडत नाही.

२५ नोव्हेंबर

हेतुपत्राचा, म्हणजे हाच अभ्यासक्रम का ते सांगणाऱ्या पत्राचा, पहिला मसुदा झाला. दीड पान. पुन्हा वाचला आणि लाज वाटली. 'लहानपणापासून मला पाण्याविषयी ओढ होती' अशी सुरुवात, मग हवामानबदल, मग जर्मनीची अभियांत्रिकी परंपरा. यात एकही विहीर नाही.

सांगलीतल्या एका सल्लागाराकडेही जाऊन आले. सल्ला मोफत, हेतुपत्र पाच हजारांत लिहून देणार. त्यांच्या यादीत मी निवडलेलं एकही विद्यापीठ नव्हतं, सगळी खासगी. अशा विद्यापीठांकडून दर विद्यार्थ्यामागे दलाली मिळते, सरकारी विद्यापीठांकडून मिळत नाही. यादी तशी का होती ते त्यावरून कळलं. शेजारच्या खुर्चीवर एक मुलगा आणि त्याचे वडील बसले होते, सत्राच्या फीचा आकडा ऐकून वडील नुसतं मान हलवत होते. बाहेर आल्यावर मी त्यांना सरकारी अभ्यासक्रमांची माझी यादी मोबाइलवर पाठवली.

१० डिसेंबर

शिफारसपत्रं. ज्या सरांच्या हाताखाली शेवटच्या वर्षाचा प्रकल्प केला, ते म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही करतो." आपल्याकडे हे सर्रास चालतं आणि त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण मला ते जमणार नव्हतं. स्वतःविषयी दुसऱ्याच्या आवाजात खोटं बोलून मी त्या प्रवेश समितीपुढे काय मोजमाप ठेवणार?

म्हणून द्रवगतिकी शिकवणाऱ्या मॅडमकडे गेले. सहा वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी, त्यांना आठवेन की नाही शंका होती. त्यांनी मला दोन तास बसवून घेतलं, विहिरींच्या वह्या उलटून पाहिल्या आणि विचारलं, "पंप चालू असताना पातळी घेतेस का?" मी सांगितलं, पंप बंद करून किमान चार तास थांबते. कठड्यावर लाल रंगाची खूण आहे, मोजणी दर वेळी तिथूनच. टेपला खडू लावते म्हणजे ओलीची रेघ स्पष्ट दिसते. "हे मी पत्रात लिहिणार," त्या म्हणाल्या. दुसरं पत्र आमच्या संस्थेच्या दादांचं. ते मराठीत लिहिणार आणि भाषांतर करून सही-शिक्क्यासह देणार.

१४ जानेवारी २०२४, भोगी

पहाटे बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी खाऊन मोजणीला गेले. कालव्याचं आवर्तन सुटून गेलेलं. आकडे जसे घेतले तसे:

विहीर ३, माळावर : ऑक्टोबर ११.२, आज ११.९.
विहीर ७, कालव्यापासून तीनशे मीटर : ऑक्टोबर ९.८, आज ६.१.

पावसाळा संपून तीन महिने झाले, थेंब नाही, आणि सात नंबर पावणेचार मीटर चढली. नाना कठड्यावर बसून बघत होते. "आता सांगा, कुणाचं हाय?" मी म्हणाले, यातलं बरंचसं कालव्याचं असणार, पण किती, ते अजून सांगता येत नाही. ते हसले नाहीत. "बगा बाई, सांगा लवकर. पोरगं अजून एक एकर बाग लावतंय."

घरी येऊन हेतुपत्र मराठीत लिहायला बसले. इंग्रजी बाजूला. नानांचा प्रश्न पहिल्या ओळीत घेतला आणि मग पेन थांबलं नाही. भूजल पुनर्भरण काढायची आपली रूढ पद्धत अशी: पातळीतला चढ गुणिले क्षेत्र गुणिले खडकाचा पाणी सोडण्याचा अंश. झिजलेल्या बेसॉल्टला, म्हणजे आपल्या मुरमाला, हा अंश साधारण २ टक्के धरतात. ९०० हेक्टर गावात पाणी ४ मीटर चढलं तर हिशेब ७२ कोटी लिटर येतो. पण हा चढ पावसामुळेच झाला असं ही पद्धत गृहीत धरते. खालच्या गावात ते गृहीतच मोडलंय. मग दोन प्रकारचं पाणी वेगळं ओळखायचं कसं? पाण्यातल्या ऑक्सिजनची आणि हायड्रोजनची जड समस्थानिकं, म्हणजे त्याच मूलद्रव्यांचे थोडे जास्त वजनाचे अणू, मोजून. कालव्याचं पाणी सह्याद्रीवरच्या पावसाचं, नदीत आणि कालव्यात उन्हाखाली वाहत आलेलं. बाष्पीभवन झालेल्या पाण्यात जड समस्थानिकांचं प्रमाण वाढतं. माळावरचं पाणी मात्र इथल्या पावसाचं, मुरमातून झिरपलेलं. दोघांची खूण पुरेशी वेगळी निघाली तर विहिरीतलं मिश्रण मोजता येईल. निघेल की नाही ते मला माहीत नाही, आणि तेच शिकायला जायचंय.

तीन पानं झाली. त्यात भूगर्भशास्त्र कमी आहे हेही लिहिलं, आणि ते भरून काढायला कुठले विषय घेईन तेही.

२१ जानेवारी

इंग्रजी केलं. एका पानात आणलं. 'पॅशन' हा शब्द कुठेही नाही, चौदा विहिरी आणि दोन आकडे आहेत. मॅडमनी तीन वाक्यं तोडली, बाकी तसंच ठेवलं.

१९ फेब्रुवारी

एपीएसचं प्रमाणपत्र आलं. त्याच आठवड्यात एका शिष्यवृत्तीचा नकारही. म्हणजे आता कर्ज.

१४ एप्रिल

तिन्ही अर्ज गेले. ड्रेस्डेनचा युनि-असिस्टमधून. ही संस्था अनेक विद्यापीठांसाठी परदेशी कागद तपासते. पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. किमान उत्तीर्ण गुणांचं पत्र सगळीकडे पहिल्या पानाला जोडलं.

आज आंबेडकर जयंती. विट्यात मिरवणूक होती. १९१३ मध्ये बाबासाहेब बडोद्याच्या सयाजीरावांची महिन्याला साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबियाला गेले. पुढे लंडनला शिकत असताना जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही नाव घातलं होतं. मिरवणुकीत उभी असताना त्या साडेअकरा पौंडांचा विचार डोक्यातून जात नव्हता. खोलीचं भाडं, पुस्तकं, जेवण, सगळं त्यातूनच असणार.

२८ मे

एक नकार. कारण दिलं: भूशास्त्राचे क्रेडिट अपुरे. बरोबर आहे. वाईट वाटलं, तरी मे महिन्याची मोजणी उरकली. तीन नंबर कोरडी.

१७ जून

फ्रायबेर्गचं प्रवेशपत्र आलं. दुपारी सव्वातीन, मी आटपाडीच्या एसटीत. आण्णांना फोन लावला. भट्टीचा आवाज येत होता, म्हणून त्यांना दोनदा सांगावं लागलं. मग बराच वेळ फक्त भट्टीचाच आवाज.

८ जुलै

पैशांची नोंद, कारण याबद्दल कुणी नीट बोलत नाही.

जर्मन व्हिशासाठी एका वर्षाचा खर्च आधीच तिथल्या ब्लॉक्ड (गोठवलेल्या) खात्यात ठेवावा लागतो. जुलै २०२४ मध्ये ११,२०८ युरो, महिन्याला ९३४ मिळतात. आजच्या दराने सव्वादहा लाखांच्या आत-बाहेर. विमान, विमा, पहिल्या महिन्याचं घर धरून चौदा लाखांचं कर्ज मागितलं. साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते. आमचं साडेचार एकर रान आहे, सात-बारा कोरा, एक पैसा बोजा नाही. बँकेने घेतलं नाही. शेतजमिनीवर बँकेला वसुलीच्या कायद्याने जप्ती आणता येत नाही, म्हणून ती तारण म्हणून चालत नाही. शेतकऱ्याला राखणारा नियम आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण त्या दिवशी बँकेतून बाहेर पडताना पाय जड झाले होते.

राहिलं विट्यातलं घर. ते आजोबांच्या नावावर. वारस नोंद, मालमत्ता पत्रक, बँकेच्या वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल, मूल्यांकन, आत्याचं संमतीपत्र. आत्या कवठेमहांकाळहून एसटीने आली, सही केली, आणि आईला म्हणाली, "वैनी, भिऊ नगंस. घर कुठं जातंय? पोरगी जात्या, ती येती." आई त्या रात्री झोपली नाही. मला दिसत होतं.

एक बारीक गोष्ट: २०२४च्या नियमाने वर्षात सात लाखांवर परदेशी पाठवलेल्या शिक्षणाच्या रकमेवर बँक ५ टक्के कर आधीच कापते. पैसे शैक्षणिक कर्जाचे असतील तर अर्धाच टक्का. आमच्या रकमेत हा फरक चौदा हजारांचा. पुढे परताव्यात मिळतात, पण जाण्याच्या महिन्यात चौदा हजार म्हणजे खूप. म्हणून पैसे थेट कर्जखात्यातून पाठवले.

६ ऑगस्ट, मुंबई

व्हिशाचे कागद दिले. वही सुरू करून बरोबर एक वर्ष. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, हाच अभ्यासक्रम का? मी नानांच्या विहिरीचं सांगायला लागले. त्यांनी थांबवलं नाही.

११ सप्टेंबर

पासपोर्ट आला, व्हिसासह. गौरी जेवायच्या दिवशी आला, आई म्हणते ती पाहुणीच घेऊन आली.

२२ सप्टेंबर

मोजणी सोपवली. नानांची नात कोमल, बारावी शास्त्र. चौदाही विहिरींवर तिला घेऊन फिरले. लाल खुणा पुन्हा रंगवल्या. वही, टेप, खडूचा डबा आणि मालकांचे फोन नंबर दिले. पंप कोण कधी बंद करतं ते तिने वेगळं लिहून घेतलं. दर महिन्याच्या पंधरा तारखेला ती फोटो पाठवणार. तिच्या एसटीच्या आणि मोबाइलच्या खर्चाचे पैसे संस्था देणार आहे, दादांकडून लिहून घेतलंय.

पाण्याच्या नमुन्यांसाठी घट्ट झाकणाच्या छोट्या बाटल्याही ठेवल्या. काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, वर तारीख. सात नंबरवर पहिली बाटली तिनेच भरली. उलटी धरून उजेडात बघितली, बुडबुडा होता. ओतून पुन्हा भरली.

मग टेप सोडला, ओलीची रेघ वाचली आणि माझ्याकडे न बघता वहीत लिहिलं: विहीर ७, २२-९-२४, ५.४ मी., पंप बंद सकाळी ६ पासून.